ऑनलाइन खरेदीत बिनसलं, तर मध्यस्थीची वाट कशी धरायची

देवगडहून नागपूरला पाच डझन हापूसची पेटी निघते. बागायतदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलेला, साडेतीन हजार रुपये यूपीआयने आगाऊ घेतलेले. दोन दिवसांत पोहोचायची ती पेटी पाचव्या दिवशी येते. उघडून बघावं तर साठातले बावीस आंबे काळे पडलेले, दोन-चार कापले तर आत साका, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा. ग्राहक म्हणतो, सगळे पैसे परत द्या. बागायतदार म्हणतो, माझ्याकडून माल चोख गेला, कुरिअरने उशीर केला त्याला मी काय करू? दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. तिसरा, म्हणजे कुरिअरवाला, फोन उचलत नाही.

साडेतीन हजारांसाठी वकील लावायला कोणी जात नाही. मग बहुतेक लोक दोनपैकी एक करतात: चडफडत गप्प बसतात, नाहीतर फेसबुकवर नाव घेऊन शिव्या घालतात. पैसे दोन्हींत परत येत नाहीत. मध्यस्थीचा रस्ता या दोन्हींच्या मधला आहे, तो कायद्यात आहे, बराचसा फुकट आहे, आणि त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही. फक्त तो कुठून सुरू होतो आणि कुठे वळतो हे माहीत असावं लागतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण चूक, कोण बरोबर हे तो ठरवत नाही. निकाल देतो तो लवाद किंवा न्यायाधीश. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो आणि दोघांना पटेल असा तोडगा निघाला तर तो कागदावर आणतो. म्हणून त्याच्यासमोर 'साहेब, तुम्हीच सांगा चूक कुणाची' असं म्हणत बसलात, तर वेळ वाया जाईल. 'मला काय मिळालं तर मी हा विषय सोडीन' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून जा. माझ्या अनुभवात इथेच निम्मे वाद अडतात. तक्रार सगळ्यांकडे असते, मागणी फार थोड्यांकडे.

हा वाद मध्यस्थीत बसतो का?

वस्तू खराब निघाली, साइज चुकली, रंग फोटोपेक्षा वेगळा आला, डिलिव्हरी लांबली, रिफंड अडकला, रिटर्न नाकारलं, वॉरंटीवरून वाद झाला, हे सगळं मध्यस्थीत बसतं. विकणाऱ्याच्या बाजूने बघायचं तर वापरलेला ड्रेस परत आला, पैठणीच्या खोक्यात भलतीच साडी परत आली, सीओडी (माल हाती आल्यावर पैसे) पार्सल दारातूनच माघारी गेलं, हेही बसतं.

फसवणूक मात्र बसत नाही. पैसे घेतले, नंबर बंद, पेज गायब, तर तो वाद नव्हे, गुन्हा आहे. अशा वेळी समेटाच्या गप्पा न मारता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे. ग्राहक मध्यस्थीच्या २०२० च्या नियमांनीही फसवणूक, बनावट कागदपत्रं, तोतयेगिरी आणि जबरदस्ती यांचे गंभीर आणि ठोस आरोप असलेली प्रकरणं मध्यस्थीबाहेर ठेवली आहेत.

आणखी एक चाळणी: तुम्ही कायद्याने 'ग्राहक' आहात का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुढे विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाची धरत नाहीत. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू चालते. घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईने ऑनलाइन घेतलेलं शिलाई मशीन बिघडलं तर ती ग्राहकच. उलट, तुमच्या शेजाऱ्याने घरातलं जुनं कपाट ऑनलाइन जाहिरात टाकून विकलं, तर त्याच्यावर ई-कॉमर्सचे नियम लागत नाहीत, कारण तो त्याचा नियमित धंदा नाही. तिथे आपसांतली बोलणी किंवा पुढे सांगितलेलं विधी सेवा प्राधिकरण, एवढेच मार्ग उरतात.

एक पान लिहून काढा

फोन उचलण्याआधी कागद घ्या. तारखेनुसार काय घडलं ते लिहा: कधी मागवलं, किती पैसे कशाने दिले, काय कबूल झालं होतं, काय आलं, कधी कळवलं, काय उत्तर मिळालं. एका पानाच्या वर जाऊ नका. 'अत्यंत मनस्ताप झाला' हे वाक्य एकदाच लिहा, फार तर.

मग पुरावे गोळा करा. ऑर्डर आयडी, बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कुरिअरचं ट्रॅकिंग, चॅट. यात सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वस्तूच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट. वाद सुरू झाला की लिस्टिंगमधली ओळ गुपचूप बदलते, 'शुद्ध रेशीम'चं 'रेशमी फिनिश' होतं, आणि मग तुमच्याकडे दाखवायला काहीच राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर त्या चॅटपुरती आजच बंद करा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा तर पत्त्याची चिठ्ठी आणि सील दिसेल असा, मध्ये न थांबवता काढा. फळं, मिठाई, फुलं अशा नाशवंत मालाचे फोटो त्याच दिवशी काढायचे. तिसऱ्या दिवसाच्या फोटोवर समोरचा 'तुमच्या घरात खराब झाले' असं म्हणणार, आणि त्याचं ते म्हणणं गैर नाही. मूळ व्हिडिओ फोनमध्ये तसाच ठेवा, कारण पुढे ग्राहक आयोगात जावं लागलं तर फॉरवर्ड केलेल्या प्रतीपेक्षा मूळ फाइलला वजन असतं.

शेवटी तीन आकडे. पहिला, मागणीचा. दुसरा, ज्याच्या खाली तुम्ही येणार नाही तो. हा कुणाला सांगायचा नाही. तिसरा म्हणजे काहीच जमलं नाही तर पुढे किती वेळ आणि पैसा जाईल त्याचा प्रामाणिक अंदाज. आंब्याच्या पेटीत हिशेब सोपा आहे: ३,५०० भागिले ६०, गुणिले २२, म्हणजे साधारण १,२८३ रुपये. 'सगळे पैसे परत' ही मागणी अडतीस चांगले आंबे खाल्ल्यावर टिकणारी नाही. १,२८३ ची टिकते.

पहिला निरोप

कायदेशीर नोटिशीने सुरुवात करू नका. नोटीस मिळाल्यावर माणूस वकिलाकडे जातो, आणि वकील त्याला पहिला सल्ला देतो तो काहीही न बोलण्याचा. साधा, लेखी निरोप पाठवा. असा:

'नमस्कार दादा. १२ एप्रिलला मागवलेली पाच डझनांची पेटी आज १७ तारखेला दुपारी मिळाली. ६० पैकी २२ आंबे खराब निघाले. उघडतानाचा व्हिडिओ आणि फोटो सोबत पाठवलेत. कुरिअरमुळे उशीर झाला हे मला समजतंय. तरी खराब आंब्यांचे १,२८३ रुपये परत करावेत किंवा पुढच्या तोड्यातले दोन डझन पाठवावेत, ही विनंती. २० तारखेपर्यंत कळवाल का?'

यात चार गोष्टी आहेत: घडलेलं, पुरावा, दोन पर्याय आणि तारीख. दोन पर्याय मुद्दाम आहेत. बागायतदाराच्या हातात रोख कमी आणि झाडावर आंबा जास्त, अशी स्थिती हंगामात नेहमीची. दोन डझन आंब्यांची किंमत तुमच्या लेखी चौदाशे, त्याच्या लेखी त्याहून कमी. एकाच गोष्टीची किंमत दोघांना वेगळी असते तिथे तडजोड पटकन होते. आणि आंब्याच्या बाबतीत घाईही आहे, कारण जून उजाडला की दुसरा पर्याय संपला.

फोनवर बोलणं झालं तर तेही नंतर लिहून पाठवा: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे...' एवढं पुरे.

प्लॅटफॉर्मच्या दारात

मोठ्या वेबसाइटवरून किंवा अ‍ॅपवरून घेतलं असेल तर आधी त्यांचीच पायरी चढावी लागते. रिटर्नची मुदत संपण्याआधी अ‍ॅपमध्ये विनंती टाका, सेलरशी गोड बोलणी चालू असली तरी टाका. 'मी बघतो, तुम्ही रिटर्न टाकू नका' असं सांगून मुदत उलटू देणारे सेलर काही कमी नाहीत.

चॅटबॉट म्हणजे तक्रार निवारण अधिकारी नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करावा लागतो. वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात तो सापडतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं बंधन त्याच्यावर आहे. तक्रारीला तिकीट नंबर मिळतो, तो जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर पहिल्यांदा तोच विचारतात.

'आम्ही फक्त मंच पुरवतो, वाद सेलरशी आहे' असं उत्तर आलं तर सेलरची माहिती मागा. खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितल्यावर सेलरचा मुख्य पत्ता, शाखा, ईमेल वगैरे देणं मार्केटप्लेसवर बंधनकारक आहे. ही मागणी गेल्यावर गाडं अनेकदा आपोआप हलतं, कारण तुम्ही पुढे जायची तयारी करताय हे त्यांना कळतं. सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला, त्याचे पैसे परत द्यायला सेलर नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. ठरल्यापेक्षा उशिरा आलेल्या मालालाही ते लागू होतं. पूर-वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला उशीर तेवढा वगळला आहे.

१९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर. फोन करता येतो, ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करता येतो, वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते. मराठीत बोलता येतं. फुकट आहे.

ही हेल्पलाइन हुकूम देत नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि उत्तर मागवते. मग उपयोग काय? मोठ्या कंपन्यांपैकी पुष्कळशा या यंत्रणेशी जोडलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे हेल्पलाइनच्या तक्रारी हाताळणारी वेगळी माणसं असतात. कस्टमर केअरला दहा फोन करून जे होत नाही ते इथून आलेल्या एका नोंदीने होतं, असं बरेचदा दिसतं. रिफंड अडकला असेल आणि कंपनी नावाजलेली असेल, तर माझा सल्ला हाच पहिला. इन्स्टाग्रामवर एकटीने कुर्ते विकणाऱ्या ताईंच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नका. हेल्पलाइनने उत्तर मागायचं तरी कुणाकडे, हाच प्रश्न असतो.

दोघांच्या मधला माणूस

अशा लहान सेलरसाठी आधी पत्ता शोधा. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून धंद्याचं नोंदलेलं नाव बघता येतं. पार्सलवरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणून खोकं फेकू नका.

मग आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. दावा दाखल करण्याआधीच साध्या कागदावर अर्ज देता येतो. ते समोरच्याला बोलावणं पाठवतात आणि प्रकरण लोकअदालतीत किंवा मध्यस्थाकडे ठेवतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसतं. ज्याच्या नावाने कधी कुठला सरकारी कागद आलेला नाही अशा माणसाला प्राधिकरणाचं पत्र पोहोचलं, की तो बहुधा तारखेआधीच फोन करतो.

ग्राहक संघटनांचाही इथे उपयोग होतो. पुण्यात सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणून वाद मिटवायची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. २०१८ साली महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाने, घर घेणारे आणि बिल्डर यांच्यासाठी सलोखा मंच सुरू केला, तेव्हा त्यात ग्राहक पंचायतीचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक असे दोन प्रतिनिधी बसवले. लाखोंच्या फ्लॅटचा वाद जिथे अशा बैठकीत सुटू शकतो, तिथे मिक्सरचा सुटायला हरकत नसावी.

पडद्यावरून मध्यस्थी करण्याची कल्पनाही जुनीच. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ईबेवरच्या खरेदी-विक्रीतले सुमारे दोनशे वाद एका मध्यस्थामार्फत निव्वळ ईमेलवर हाताळून पाहिले होते. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१६ पासून ऑनलाइन ग्राहक मध्यस्थी केंद्र आहे, आणि खासगी ऑनलाइन मध्यस्थी संस्थाही आता बऱ्याच झाल्या आहेत. खासगी संस्थेकडे जाताना एवढंच तपासा: फी किती, ती कोण भरणार, आणि तुम्ही ज्याला होकार देताय ती मध्यस्थी आहे की लवाद. कंपनीच्या अटी-शर्तींत या दोन्हींची सरमिसळ असते. लवादाचा निर्णय तुमच्यावर बंधनकारक ठरतो, म्हणून क्लिक करण्याआधी वाचा.

ग्राहक आयोगातून मध्यस्थीकडे

इतकं करून जमलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक अजून त्याला ग्राहक मंचच म्हणतात. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात करता येते. सेलर सुरतचा असो की गुरुग्रामचा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तर फीसुद्धा नाही. ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबते असं धरून चालू नका.

तक्रार दाखल करून घेतल्यावर पहिल्या सुनावणीत, किंवा नंतर कधीही, तडजोडीला जागा आहे असं आयोगाला वाटलं तर तो दोन्ही बाजूंना पाच दिवसांत लेखी संमती द्यायला सांगू शकतो. आयोग स्वतःहून विचारेलच असं नाही. तुम्ही उभं राहून 'आमची मध्यस्थीला तयारी आहे' असं सांगू शकता, अर्जातही लिहू शकता. दोघांची संमती आली की प्रकरण आयोगाला जोडलेल्या मध्यस्थी कक्षाकडे जातं. तिथे साधारण तीन महिन्यांत हे काम संपवणं अपेक्षित आहे. मध्यस्थाचं मानधन कोण किती देणार, हे त्याच वेळी विचारून घ्या.

समेट झाला तर तक्रारीला भरलेली फी पूर्ण परत मिळते. झाला नाही तर प्रकरण जिथे होतं तिथून आयोगात पुढे चालतं, आणि मध्यस्थासमोर तुम्ही काय बोललात, किती रुपयांना तयार होतात, हे तिथे वापरता येत नाही. ही गुप्तता नीट समजून घ्या, कारण तिच्यामुळेच तिथे मोकळेपणाने बोलता येतं. तुम्ही १,००० ला तयार होतात म्हणून आयोग तुम्हाला १,०००च देईल, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

मध्यस्थासमोर बसल्यावर

पहिल्यांदा सगळे एकत्र. मध्यस्थ नियम सांगतो, मग तुम्ही बोलता, मग समोरचा. तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. खोटं बोलला तरी कागदावर टिपून ठेवा आणि आपल्या पाळीला सांगा. ऑनलाइन बैठक असेल तर कॅमेरा चालू ठेवा आणि रेकॉर्डिंग करू नका.

नंतर मध्यस्थ प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. खरं काम इथे होतं. इथे सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय तो पलीकडे नेत नाही. 'मला पैशांपेक्षा त्यांनी चारचौघांत मला खोटारडी म्हटलं याचा राग आहे' असं काही असेल तर ते इथे सांगा. कितीतरी वाद रकमेवर चाललेत असं दिसतं आणि सुटतात एका 'चुकलं माझं' ने. रागाचं ओझं रकमेत मिसळलं की आकडा फुगतो आणि समोरच्याला तो कुठून आला हे कळतच नाही.

कंपनीकडून आलेल्या माणसाला सुरुवातीलाच विचारा, तडजोडीचा अधिकार तुमच्याकडे आहे का? 'वर विचारून सांगतो' म्हणणारा प्रतिनिधी तीन तारखा खातो. अधिकार नसेल तर ज्याला आहे त्याला फोनवर उपलब्ध ठेवावं, असं मध्यस्थाला सांगता येतं.

आकडा सांगाल तेव्हा त्यामागचा हिशेब ठेवा. वस्तूची किंमत, परत पाठवण्याचा खर्च, दुरुस्तीची पावती. मनस्तापाचे पन्नास हजार मागू नका असं मी म्हणणार नाही, पण पावती नसलेला आकडा पहिल्या फेरीतच गळतो हे गृहीत धरून मागा. आणि 'तत्त्वाचा प्रश्न आहे' असं तोंडात आलं तर एक घोट पाणी प्या. तत्त्वाचा निवाडा हवा असेल तर आयोगाचा निकाल घ्या, तो तुमचा हक्क आहे. मध्यस्थीत तत्त्व ठरत नाही, व्यवहार मिटतो.

तडजोडीचा कागद

तोंडी 'झालं मग, मिटलं' यावर उठू नका. कागदावर हे हवंच: कोण, कुणाला, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, वस्तू परत जाणार असेल तर कुरिअरचा खर्च कुणाचा, तारीख चुकली तर काय. 'लवकरात लवकर' हा शब्द दिसला तर खोडून तारीख टाका.

रिव्ह्यूचं कलम हल्ली बहुतेक सेलर मागतात. स्वतः लिहिलेला वाईट अभिप्राय काढून टाकायला हरकत नाही, किंवा त्याखाली 'वाद मिटला, पैसे मिळाले' अशी ओळ जोडता येते. मला दुसरं बरं वाटतं, कारण ते पुढच्या ग्राहकाच्या उपयोगी पडतं. मात्र पैशांच्या बदल्यात पाच ताऱ्यांचं खोटं कौतुक लिहायचं कबूल करू नका.

तक्रार मागे घेण्याचं पत्र पैसे खात्यात आल्यानंतरच द्या.

विकणाऱ्या ताई-दादांसाठी

घरून दिवाळी फराळ, गोधड्या, दागिने, लोणची विकणाऱ्यांना मध्यस्थी म्हणजे ग्राहकाचं हत्यार वाटतं. ती तुमचीही सोय आहे, फक्त तुमचे रस्ते थोडे वेगळे. सेलर म्हणून ग्राहक आयोगात तक्रार करता येत नाही. प्लॅटफॉर्मवर विकत असाल तर परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि सेलर पॅनेलवरून ठरलेल्या मुदतीत क्लेम टाका. स्वतःच्या पेजवरून विकत असाल तर विधी सेवा प्राधिकरणाचं दार तुम्हालाही उघडं आहे. माल एखाद्या दुकानाला किंवा कंपनीला उधारीवर दिलाय आणि पैसे थकलेत, तर तो वेगळा खटला: उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांना सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, जाता येतं. तिथेही आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. अशा व्यवहारात पैसे देण्याची कमाल मुदत कायद्याने ४५ दिवस आहे, त्यानंतर चक्रवाढ व्याज चढतं.

'नो रिटर्न, नो एक्सचेंज' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही, कितीही ठळक लिहा. त्याऐवजी आधीच चार ओळी लिहून ठेवा: खराब निघालं तर किती तासांत कळवायचं, कसा पुरावा लागेल, बदली की पैसे. हंगामी माल असेल तर 'डझनामागे इतके खराब निघाल्यास तेवढे पुढच्या पेटीत' असं सरळ ठरवून टाका. तक्रार आल्यावर सगळ्यांदेखत कमेंटमध्ये भांडू नका. 'ताई, इनबॉक्समध्ये या, बघते' एवढं लिहून तिथेच थांबा, आणि मग खरोखर बघा. कुरिअरकडून भरपाई मागायची असेल तर ती तुम्ही मागायची, ग्राहकाला त्याच्या दारात उभं करायचं नाही. कुरिअरशी करार तुमचा आहे, ग्राहकाचा नाही.

फराळ परदेशी पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. युरोपीय संघाचं ऑनलाइन वाद निवारणाचं पोर्टल २०१६ पासून चालू होतं, ते २० जुलै २०२५ ला बंद झालं. जुन्या लेखांत अजून त्याची लिंक दिसते. तिकडच्या ग्राहकाने पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेने पैसे दिले असतील तर त्याला पैसे दिल्यापासून १८० दिवस वाद उघडता येतो, म्हणून पाठवल्याची पावती आणि ट्रॅकिंग सहा महिने तरी ठेवा.

समोरच्याने शब्द पाळला नाही तर

हे तडजोड कुठे झाली त्यावर अवलंबून आहे. आपसांत किंवा हेल्पलाइनवर ठरलं असेल तर तो कागद आणि चॅट हाच तुमच्या आयोगातल्या तक्रारीचा मुख्य पुरावा. समोरच्याने रक्कम मान्य केल्याचं त्यातच आहे. लोकअदालतीत ठरलं असेल तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी मागता येते.

आयोगाच्या मध्यस्थीत ठरलं असेल तर मध्यस्थाचा अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत आयोग त्यावर आदेश काढतो. काही मुद्दे मिटले आणि काही राहिले तर मिटलेल्यांची नोंद होते आणि बाकीच्यांवर सुनावणी चालू राहते. या आदेशावर अपील नाही, त्यामुळे सही करण्याआधी रात्रभर विचार करायचा असेल तर तसं सांगा, मध्यस्थ थांबतो. तारीख उलटून पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळल्यास कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अर्जासोबत तडजोडीच्या कागदाची प्रत, आयोगाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि त्या तारखेनंतरचं तुमचं बँक स्टेटमेंट जोडा.